नमदा बदलला तरी घोड्याची पाठ पुन्हा लागते: कारण कुठे शोधायचे

जिनाखाली नवा नमदा (लोकर दाबून केलेलं जाड पॅड) टाकला की काही दिवस पाठ बरी दिसते. मग त्याच जागी केस उडायला लागतात, कातडी लाल होते, आणि जीन चढवताना घोडा पाठ खाली दाबून घेतो किंवा कान मागे टाकतो. कोल्हापुरात रंकाळा तलावावर फेऱ्या मारणारं तट्टू असो, वरातीची घोडी असो की सकाळी रपेटीला निघणारा क्लबचा घोडा, तक्रार एकच. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे आणखी एक पॅड. ही नमद्यांची खोगीरभरती बहुतेक वेळा दुखणं वाढवते. दोष सहसा जिनात, तंगात (जीन पोटाखालून कसणारा पट्टा), धुण्यात किंवा वर बसणाऱ्या वजनात असतो. नमदा त्याचा फक्त साक्षीदार. म्हणून आधी नमदा उलटा करून बघायचा, खरेदीचं नंतर.

आधी हे करा: मांजरपाटाची चाचणी

इचलकरंजीचं साधं पांढरं मांजरपाट, म्हणजे जाडसर सुती कापड, घ्या. पॅडपेक्षा चारी बाजूंनी तीन-चार बोटं मोठा एकच तुकडा, मधे शिवण नको. खळ निघून जावी म्हणून आधी एकदा धुवून वाळवा. घोड्याला खरारा करायचा, पण पाठ अगदी चकाचक करू नका. थोडी धूळ राहिली तर ठसा चांगला उठतो. कापड सरळ पाठीवर, त्यावर नेहमीचा नमदा, त्यावर जीन. १५ ते २० मिनिटं चाल आणि दुडकी, दोन्ही बाजूंना वळणं घेत. उतरून तंग सोडा, जीन वर उचलूनच काढा, ओढून काढू नका. कापडावर मानेची बाजू कोळशाने खुणावून ठेवा.

आता कापड आणि पाठ दोन्ही एकत्र वाचा.

कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखे, लांबट, कडेला फिकट होत जाणारे मळके पट्टे आले आणि मधे स्वच्छ पन्हळ राहिली, तर बसणी ठीक आहे. मधली जागा कोरडी असणं योग्यच, तिथे काही टेकायलाच नको.

घामेजलेल्या भागात मधेच एखादा कोरडा ठिपका दिसला तर त्याचे दोन अर्थ होतात आणि इथेच बरेच जण चुकतात. एक, तिथे इतका दाब आहे की घामच येत नाही. दोन, तिथे जीन टेकतच नाही. ओळखायचं बोटाने. नख न लावता बोटाच्या पेराने त्या जागी हळूहळू दाब वाढवा. घोडा पाठ खाली घेतो, कातडी थरथरवतो, शेपूट आपटतो, तर दाब आहे. काहीच वाटत नसेल आणि ठिपका पाठीच्या मध्यावर मोठा, लांबट असेल, तर जीन पुढे-मागे टेकून मधे अधांतरी आहे. अशा जिनात सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो.

केस विस्कटलेले, उलटे फिरलेले किंवा मोडलेले असतील तर तिथे दाबापेक्षा घासणं जास्त आहे. कापडावर तेवढ्या जागी बारीक तुटलेले केस चिकटलेले दिसतात.

जीन उतरवल्यावर लगेच पाठ साफ दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. दाबून धरलेली सूज बऱ्याचदा जीन निघाल्यावर तासाभरात वर येते. तासाने पुन्हा हात फिरवा, डोळ्यांनी नको, तळहाताने. सूज येण्याआधी जागा गरम लागते.

नमदा एकटा सरकतो की जिनासकट?

मागे सरकण्याच्या तक्रारीत हा पहिला प्रश्न. जीन चढवून तंग कसल्यावर, जिनाची पुढची कड नमद्यावर जिथे येते तिथे खडूची रेघ मारा. शिवाय फऱ्याच्या (खांद्याच्या पसरट हाडाच्या) मागच्या कडेपासून जीन किती बोटांवर आहे तेही मोजून ठेवा. अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर दोन्ही पुन्हा बघा.

रेघ जिनाखालून पुढे-मागे झाली पण जीन जागच्या जागी आहे, तर फक्त नमदा निसटतोय. याचं कारण साधं: पाठीवरचे केस मागच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पावलाला खालचा थर केसांच्या दिशेने मागे जायला बघतो. त्यात नमद्याला चकचकीत पॉलिस्टरचं अस्तर असेल तर तो थांबणार कसा? अस्तर उसवून सुती कापड लावा. पुढच्या पट्ट्या जिनाच्या तंगपट्ट्यांत आणि खालचे फासे तंगात ओवलेले आहेत का बघा. भाड्याच्या घोड्यांवर हे फासे बहुधा तुटलेलेच सापडतात. चामड्याचं काम करणारा कोणीही कारागीर ते अर्ध्या तासात लावून देईल. फक्त त्याला बजावून सांगा: टाक्यांची गाठ वरच्या अंगाला, घोड्याच्या अंगाला नाही.

रेघ जागेवर आहे पण जीन आणि नमदा मिळून फऱ्यापासून दूर गेले, तर नमदा निर्दोष आहे. मग तंग बघा. जीन चढवताना घोडा छाती फुगवून धरतो. पाच-दहा मिनिटं चालवल्यावर तंग दोन भोकं ढिला निघतो. तो पुन्हा कसायचा, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. तंगाखाली दोन बोटं सरळ जावीत इतपत. पुढच्या पायाच्या कोपरापासून तंग साधारण चार बोटं मागे असावा. छातीचा सर्वांत चिंचोळा भाग जिथे असेल तिथे तंग चालता-चालता आपोआप जातो आणि जिनाला बरोबर ओढून नेतो. म्हणून तंगपट्ट्या तिरक्या ओढल्या जात असतील तर नमदा कितीही चिकट घ्या, उपयोग नाही. पोट सुटलेल्या, गोल बरगडीच्या घोड्यात जीन उलट पुढे, फऱ्यावर चढतं. तिथे दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लागते. मागे जाणाऱ्याला पेशबंद, म्हणजे छातीवरून जाणारा पट्टा. दोन्ही सैल ठेवा. पेशबंद आणि छाती यांच्या मधे मूठ मावली पाहिजे. पण दुमची-पेशबंद ही मदत आहे, चुकीच्या मापाच्या जिनावरचा इलाज नव्हे.

एका बाजूला सरकत असेल तर आधी घोड्याच्या मागे उभं राहून दोन्ही फरे बघा, बरेचदा एक दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. मग चढण्याची पद्धत बघा. फेऱ्यांच्या घोड्यावर दिवसभर प्रत्येक माणूस डावीकडूनच, रिकिबीला (पाय ठेवायच्या कडीला) लोंबकळत चढतो. प्रत्येक वेळी जीन डावीकडे खेचलं जातं, नमद्याला उजवीकडे सुरकुती पडते आणि तिथेच केस उडतात. कट्ट्यावरून किंवा मजबूत स्टुलावरून चढवा आणि पलीकडच्या माणसाला उजवी रिकीब धरून ठेवायला सांगा. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या जेल पॅडने पडत नाही.

जखम कुठे आहे त्यावरून कारण

मानेच्या बुडाचा हाडाचा उंचवटा, क्लबात ज्याला विदर्स म्हणतात, त्याच्या अगदी माथ्यावर लागलं असेल तर बहुधा नमदा ताणलेला आहे. जीन ठेवताना नमदा सपाट राहतो, तंग कसला की तो त्या उंचवट्यावर तंबूसारखा ताठ होतो आणि चालताना खाली खाली कापत जातो. उपाय फुकट आहे: तंग कसण्याआधी नमद्याची मधली पुढची कड हाताने वर उचलून जिनाच्या पन्हळीत पूर्ण कोंबायची. स्वार बसल्यावरही उंचवटा आणि जिनाची पुढची कमान यांच्यात दोन-तीन बोटं उभी राहिली पाहिजेत. राहत नसतील तर जीन रुंद आहे किंवा त्याची भरण बसली आहे.

उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण चार ते सहा बोटं खाली, सारखेच चट्टे असतील तर जीन अरुंद आहे. जिनाच्या आतल्या सांगाड्याची टोकं तिथे रुततात. याच घोड्यावर सर्वांत जास्त पॅडं चढवलेली दिसतात, आणि तीच त्याला मारतात. हिशेब करा: १२ मिमीचा जादा नमदा टाकला की दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ अडीच सेंटिमीटर जागा खाल्ली जाते. आधीच घट्ट असलेला बूट दोन मोजे घातल्यावर सैल होत नाही. अशा घोड्याला पातळ पॅड आणि रुंद जीन, दुसरा मार्ग नाही.

कण्यावरच रेषेत लागलं असेल तर नमद्याची मधली शिवण किंवा अरुंद पन्हळ. पन्हळ सगळ्या लांबीत तीन-चार बोटं रुंद हवी.

मागच्या कमानीखाली लागलं असेल तर जीन मागून उडतं, किंवा जिनाची लांबी घोड्याला जास्त आहे. लहान तट्टांवर मोठ्या घोड्याचं जीन टाकलं की हे हमखास होतं. शेवटच्या बरगडीच्या पुढेच जिनाचा भार संपला पाहिजे. बरगडी बोटाने चाचपून खालून वर कण्यापर्यंत नेली की ती मर्यादा सापडते.

नमद्याच्या कडेच्या रेषेत केस उडाले तर नमदा लहान आहे. जिनाच्या बाहेर सगळीकडून निदान दोन बोटं नमदा दिसला पाहिजे, नाहीतर त्याची जाड कड जिनाखालीच येते.

कोपरामागे लागलं तर तो तंगाचा प्रश्न. तंग कसल्यावर दोन्ही पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून पुढे ओढा, कातडीची घडी सुटते.

आणि कुठेही, रोज वेगळ्या जागी टोचल्यासारखे बारीक फोड? तर कुसळं. पावसाळा सरला की पन्हाळ्याच्या उतारावर, मसाई पठाराच्या बाजूला कुसळी गवत पिकतं. त्याचं बी टोकदार असतं, त्याची शेपटी ओलाव्याने पीळ घेते आणि सोडते, त्यामुळे ते लोकरीत स्वतःहून आत शिरत जातं. झटकून निघत नाही. नमदा उन्हात धरून वाकवा, आतल्या बाजूवर उलटा तळहात फिरवा आणि एकेक चिमट्याने काढा. चरून आलेला घोडा आणि गवतावर टाकलेला नमदा, दोन्ही तपासा. जीन उतरवल्यावर नमदा गवतावर पालथा टाकायची सवयच मोडायला हवी.

जिनाचं माप घरच्या घरी

सुमारे ४ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दोन फूट पुरे. घोडा सपाट फरशीवर, चारी पाय सारखे, मान सरळ. फऱ्याच्या मागच्या कडेपासून तीन बोटं मागे तार पाठीवर आडवी दाबून बसवा, आकार न बिघडवता उचला आणि पुठ्ठ्यावर आखून कापा. तो पुठ्ठा जिनाच्या पुढच्या भागात, सांगाड्याच्या टोकांपाशी खालून लावा. वर फट राहून खाली घट्ट अडकला तर जीन अरुंद. नुसता वर टेकला आणि खाली दोन्हीकडे मोकळा राहिला तर रुंद. दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा आखून तारखेसह ठेवा. हंगामात कामाने सुकलेली आणि पावसाळ्यात बसून भरलेली पाठ एकच नसते.

फऱ्यामागचा स्नायू खंगून तिथे खळगा पडला असेल तर तिथे फक्त पट्टी घालता येते: ५-६ मिमी नमद्याचे, एकापेक्षा एक लहान असे दोन तुकडे, कडा तिरक्या तासून, नमद्याच्या वरच्या अंगाला हलक्या टाक्यांनी. कड सरळ कापलेली ठेवली तर नवी जखम तिथेच उठेल. जखमेवर बरोबर भोक पाडलेला नमदा वापरायचीही रीत आहे. भोकाच्या कडेवर दाब गोळा होतो आणि घोडा चालूच राहतो, त्यामुळे ती आम्हाला मान्य नाही.

नमदा संपलाय हे कसं कळतं

दाभण घ्या. नमद्याच्या न दाबलेल्या कोपऱ्यात सरळ आरपार टोचा, वर नखाने खूण धरा, पट्टीवर मोजा. मग स्वाराच्या बैठकीखाली, दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे असंच. २० मिमीचा नमदा मधे १३-१४ वर आला असेल तर तो गेला. डावी-उजवी बाजू ३ मिमीहून जास्त वेगळी असेल तर जाडी पुरेशी असली तरी काढून टाका, तो घोड्याला वाकडा चालवेल. फोमला अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडा. खळगा लगेच भरला नाही तर तोही बाद.

घोंगडीची घडी वापरणारे आपल्याकडे आहेत, आणि दख्खनी मेंढीची हातमागाची घोंगडी घाम चांगला ओढते. दोन गोष्टी सांभाळा. विणताना सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते. नवी घोंगडी तशीच टाकली तर घामाने खळ सुटते, मग वाळून पापुद्रे धरते आणि पाठ सोलते. दोन-तीनदा थंड पाण्यातून खळ पूर्ण काढा. दुसरं, घडीची बंद बाजू पुढे, मानेकडे. सुटे पदर मागे आणि खाली.

वरातीच्या झुलीबद्दल थोडक्यात: जरी, टिकल्या, आरसे जिनाखाली येता कामा नयेत. झूल जिनाच्या वरून किंवा मागून बांधा. आणि नवरदेव बसवून तासन् तास एका जागी उभी असलेली घोडी चालणाऱ्या घोडीपेक्षा पाठीला जास्त त्रास सोसते, कारण दाब एकाच जागी राहून तिथलं रक्त फिरत नाही. डीजे चौकात थांबला की नवरदेवाला खाली उतरवा.

पावसाळ्यातलं धुणं आणि वाळवणं

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात लोकरीचा जाड नमदा दोन दिवसांतही वाळत नाही, आणि अर्धा ओला नमदा पाठीवर गेला की कातडी मऊ पडून लगेच सोलते. म्हणून नमदा धुवायचा कमी, त्याखालचं कापड रोज. एका घोड्याला मांजरपाटाची तीन अस्तरं शिवा, चारी कोपऱ्यांना नाड्या, कडेची दुमड जिनाच्या बाहेर येईल अशी. एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडं.

नमदा धुवायचाच तर असा:

१. पूर्ण वाळवून छडीने झोडा, ताठ ब्रशने केस आणि मिठाची पांढरी कड काढा.
२. १०० ग्रॅम रिठ्याची टरफलं ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, उकळून, गाळून पूर्ण थंड करा.
३. नमदा साध्या थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, मग रिठ्याच्या पाण्यात. दाबायचा आणि सोडायचा. घासायचा, आपटायचा किंवा पिळायचा नाही.
४. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदला. साबण राहिला तर पहिल्या घामाला तो पाठीवर उतरतो.
५. जुन्या चादरीत गुंडाळून वर उभं राहा, पाणी चादर पिईल. मग दोन बांबूंवर आडवा पसरा, खालून-वरून वारा लागेल असा, पंख्यासमोर.

गरम पाणी आणि घासणं यांनी लोकर आवळते, नमदा लहान आणि दगडासारखा होतो. डाग खाणारी एन्झाइमची कपड्याची पावडर लोकरही खाते. कपडे मऊ करणारं द्रावण धाग्यावर थर देतं, मग घाम शोषला जात नाही. चुलीशेजारी वाळवू नका.

गोल चट्टे आले तर ते घासणं नव्हे

केस गोलाकार जाऊन खवले धरत असतील तर बुरशी, म्हणजे गजकर्ण असू शकतं. पावसात भिजलेल्या घोड्याच्या पाठीवर केसांचे झुपके खपलीसकट उपटून येत असतील तर तो डर्मॅटोफिलस जिवाणूचा त्रास असू शकतो. दोन्ही एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातात, आणि जातात ते नमदा, खरारा, तंग यांवरून. गजकर्ण माणसालाही होतं. जीन बंद, पशुवैद्यकांना दाखवा, घोड्याचं सगळं सामान वेगळं ठेवा. सुती अस्तरं आधी मळ काढून धुवा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ खळबळा. ब्लीच लोकरीला आणि चामड्याला चालत नाही. एका घोड्याचा नमदा दुसऱ्याला, हे तर एरवीही बंद असावं.

वजनाचा हिशेब

सगळं बरोबर असून पाठ लागत असेल तर टेप आणा. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे घोड्याचं अंदाजे वजन किलोत. १५० घेर आणि १४० लांबीचं तट्टू साधारण २६५ किलोचं भरतं. स्वार आणि सामान मिळून वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर नको, म्हणजे इथे ५३ किलो. त्यातून जीन-नमद्याचे १० वजा करा. उरले ४३. रंकाळ्यावर अशा तट्टावर बाप आणि पोरगं दोघं बसतात, तेव्हा कुठलाही नमदा पुरणार नाही.

लागलेल्या पाठीचं काय

कातडी फुटली असेल तर जीन पूर्ण बंद, खपली पडून केस उगवायला लागेपर्यंत. घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून लस झाली नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना सांगा. जखम मिठाच्या सौम्य पाण्याने, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, हलकी धुवा. पावसाळ्यात माश्यांपासून जपा, अळ्या पडायला वेळ लागत नाही. तेल-हळदीचा लेप लावून वर नमदा टाकू नका, त्यावर धूळ बसून तिचाच सँडपेपर होतो.

पुन्हा सुरू करताना आधी कारण दुरुस्त झालंय का ते मांजरपाटावर बघा. पहिले काही दिवस १५ मिनिटं, नुसती चाल, तासाने तळहात फिरवून गरम जागा शोधायची. त्या जागी पुढे पांढरे केस आले तर केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या असं समजा. ते केस बहुधा पांढरेच राहतात. नवा घोडा विकत घेताना जिनाच्या जागी असे पांढरे ठिपके दिसले तर मालकाला त्याचं जुनं जीनही दाखवायला सांगा.